फिल्म सोसायट्यांच्या कार्यकर्त्यांना खुलं पत्र: फिलिपिनो सिनेमा दाखवणार असाल तर

महाराष्ट्र आणि गोव्यातल्या फिल्म सोसायट्यांच्या कार्यकारिणीतल्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

१९८५चा मॅगसेसे पुरस्कार म्हटलं की मराठी माणसाला बाबा आमटे आठवतात. त्याच वर्षीच्या यादीत मनिलाचे चित्रपट दिग्दर्शक लिनो ब्रोका यांचंही नाव होतं. जीपनी म्हणजे तिथल्या प्रवासी जीपगाड्या; त्यांच्या चालकांच्या संपाच्या बाजूने उभे राहिले म्हणून हेच ब्रोका त्या वर्षाच्या सुरुवातीला हुकूमशहा फर्डिनांड मार्कोस यांच्या सरकारच्या कोठडीत होते. फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष रामोन मॅगसेसे हे नाव आपल्या शाळकरी मुलांनाही स्पर्धा परीक्षांमुळे पाठ असतं. पण त्यांच्या देशाचा सिनेमा आपल्या पडद्यांवर क्वचितच येतो. आला तर ‘आशियाई वास्तववाद’ असा शिक्का मारून, झोपडपट्टीची दोन-चार छायाचित्रं फलकावर लावून, मिळेल त्या प्रतीतून दाखवला जातो. प्रेक्षक घरी जाताना ‘किती गरिबी आहे हो तिकडे’ एवढंच सोबत नेतो.

येत्या वर्षाच्या कार्यक्रमात फिलिपिनो चित्रपटांचे पाच-सहा खेळ ठेवा, अशी आमची विनंती आहे. पण ठेवाल तर नीट ठेवा. नीट म्हणजे काय, ते सांगण्यासाठीच हे पत्र आहे.

फिलिपिन्समधल्या चांगल्या दिग्दर्शकांनी इतिहास आणि समाज यांबद्दल जे म्हटलं, ते फार क्वचित सरळ म्हटलं. २१ सप्टेंबर १९७२ची तारीख घालून काढलेल्या १०८१ क्रमांकाच्या घोषणेने लष्करी कायदा आला आणि १७ जानेवारी १९८१ला तो कागदोपत्री उठला. मार्कोस प्रत्यक्षात सत्तेवरून गेले फेब्रुवारी १९८६मध्ये. लष्करी कायद्याच्या काळात चित्रीकरणाआधी पटकथा मंजूर करून घ्यावी लागे. म्हणून प्रत्येक चित्रपटाला तीन तारखा असतात: कथा कधी घडते, चित्रपट कधी बनला, आणि देशातल्या लोकांना तो कधी, कोणत्या रूपात बघू दिला गेला. या तिन्ही प्रेक्षकाला सांगितल्या नाहीत तर चित्रपटाचा अर्धा अर्थ सांडतो. प्रास्ताविक पाच मिनिटांचंच ठेवा, त्यात दिग्दर्शकाचं चरित्र नको, पुरस्कारांची यादी नको. या तीन तारखा आणि त्यांच्यामधल्या अंतराचं कारण, एवढं पुरे.

ब्रोकांचा १९७५चा ‘मायनिला: सा मङा कुको नङ लिवानाग’ घ्या. ‘मनिला: प्रकाशाच्या नख्यांमध्ये’ असा त्याचा अर्थ. हुलियो नावाचा कोळी हरवलेल्या प्रेयसीच्या शोधात मारिंदुके बेटावरून शहरात येतो आणि बांधकामावर मजुरीला लागतो. कथा मुद्दाम लष्करी कायद्याआधीच्या दिवसांत ठेवलेली आहे. ‘हे पूर्वीचं आहे, आत्ताचं नाही’ असं सेन्सॉरला म्हणता यावं म्हणून केलेली ती सोय होती, आणि मार्कोस यांच्या ‘नवा समाज’ घडवल्याच्या घोषणा ऐकणाऱ्या मनिलाच्या प्रेक्षकाला ती बरोबर कळत होती. या चित्रपटात मजुरीच्या नोंदवहीवर सही एका आकड्यापुढे होते आणि हातात पडतो दुसराच आकडा. पैसे अजून आले नाहीत असं सांगून मुकादम स्वतःच कपात करून आगाऊ रक्कम वाटतो, आणि या पद्धतीला मजुरांच्या तोंडी ‘तायवान’ असं नाव आहे. इंग्रजी उपशीर्षकांत हा शब्द देशाच्या नावासारखा येऊन जातो आणि प्रेक्षक गोंधळतो. प्रास्ताविकात एक वाक्य घातलंत तर तो प्रसंग उलगडेल. ऊसतोडीची उचल आणि मुकादम ज्यांना ठाऊक आहेत अशा प्रेक्षकाला याहून जास्त काही सांगावं लागणार नाही.

याच चित्रपटाचं एक वैगुण्यही झाकू नका. शोषण करणारा म्हणून एक चिनी व्यापारी उभा केला आहे आणि कॅमेरा त्याच्याकडे फिलिपिन्समधल्या जुन्या चिनीद्वेषाच्या नजरेनेच बघतो. मुकादम आणि कंत्राटदार यांचं चित्रण व्यवस्थेचं आहे, या माणसाचं मात्र वंशाचं होऊन बसतं. चित्रपट मोठा आहे, म्हणूनच त्यावरच्या चर्चेत हा मुद्दा यायला हवा.

आता प्रतींबद्दल, कारण सगळ्यात जास्त घोटाळे तिथेच होतात. फिलिपिन्समध्ये १९१९ सालापासून कथापट बनत आहेत, पण दुसऱ्या महायुद्धाआधीचे जेमतेम पाच चित्रपट आज हाताशी आहेत. मनिलाची राखरांगोळी युद्धात झाली. उरलेलं काम दमट हवेने केलं. ॲसिटेट फिल्म उष्णतेत आणि ओलाव्यात कुजायला लागली की तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं, डब्याला व्हिनेगरचा वास येतो, पट्टी आकसते, वाकते, आणि मग ती यंत्रावर चढत नाही. हा वास एका डब्यातून शेजारच्या डब्यात ‘लागतो’, म्हणून बाधित डबे वेगळे काढावे लागतात. सत्तरच्या दशकातले रंगीत चित्रपटही असेच गेले, काहींचे फक्त व्हिडिओ कॅसेटवरचे अवतार उरले. त्यामुळे ‘कोणती प्रत?’ हा प्रश्न इथे हौशी माणसाचा नाही, आयोजकाचा आहे.

‘मायनिला’ची मूळ निगेटिव्ह लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ठेवलेली होती म्हणून वाचली. तिच्यावरून २०१३ साली बोलोन्याच्या प्रयोगशाळेत नवी प्रत झाली. ब्रोकांचाच ‘इन्सियांग’ (१९७६) २०१५मध्ये असाच सावरला गेला. इश्माएल बर्नाल यांचा ‘हिमाला’ (१९८२) आणि एडी रोमेरो यांचा ‘गानितो कामी नोऑन, पाआनो कायो ङायोन?’ (१९७६) यांच्या पुनर्संस्कारित प्रती ‘एबीएस-सीबीएन’ या वाहिनीच्या विभागाने केल्या. २०२० साली संसदीय समितीने या वाहिनीचा प्रसारण परवाना नाकारला, तरी त्या विभागातल्या लोकांनी काम सुरू ठेवलं. माइक दे लिऑन यांचा ‘बॅच ८१’ सिंगापूरच्या संग्रहालयाच्या मदतीने उभा राहिला. या नव्या प्रती उपलब्ध असताना इंटरनेटवरची पुसट, कडा कापलेली, जाहिरातीच्या जागी उडी मारणारी फाइल दाखवू नका. तिच्यात रात्रीचे प्रसंग काळ्या डागासारखे दिसतात, आणि या दिग्दर्शकांचं अर्धं काम रात्रीच घडतं.

बर्नाल यांच्या ‘मनिला बाय नाइट’ची (१९८०) गोष्ट आणखी बिकट आहे. मार्कोस यांच्या पत्नी इमेल्डा तेव्हा महानगर मनिलाच्या गव्हर्नर होत्या. अमली पदार्थ विकणारी मुलगी, आंधळी मालिशवाली, नर्स असल्याचा बहाणा करणारी बाई, टॅक्सीवाला, अशा रात्रभर जागणाऱ्या माणसांचं शहर त्यांच्या सुशोभित राजधानीचं असूच शकत नव्हतं. म्हणून नाव बदलून ‘सिटी आफ्टर डार्क’ करायला लावलं, संवादांतून शहराचं नाव पुसलं, आणि बर्लिन महोत्सवाला चित्रपट जाऊ दिला नाही. प्रत हाती आली की आधी शीर्षकपट्टी बघा. मग अधूनमधून एखादं पात्र वाक्याच्या मध्येच मुकं होतं का, ते ऐका. होत असेल तर स्पीकर तपासत बसू नका, ती सेन्सॉरची कात्री आहे. अखंड प्रत सुमारे अडीच तासांची असते, त्याहून बरीच कमी भरली तर जिथून मागवली त्यांना विचारा. कापलेलीच प्रत मिळत असेल तर तीही दाखवा, पण तसं आधी सांगा.

बर्नाल यांच्याच ‘हिमाला’बद्दल थोडं सविस्तर, कारण तो दाखवणं सगळ्यात सोपं आणि चुकवणंही सगळ्यात सोपं. नावाचा हिमालयाशी काही संबंध नाही, ‘हिमाला’ म्हणजे चमत्कार. दुष्काळी गावातल्या एल्सा नावाच्या मुलीला देवमातेचं दर्शन झाल्याची वार्ता पसरते. मग रोगी येतात, यात्रेकरू येतात, पाठोपाठ दुकानं, खाणावळी, वेश्यावस्ती, कॅमेरेवाला. नोरा ऑनर यांचा अभिनय असा की तो बघायला पुन्हा माणसं येतात. हा चित्रपट सरकारी पैशातून बनला. ‘एक्स्पेरिमेंटल सिनेमा ऑफ द फिलिपिन्स’ नावाची संस्था १९८२ साली निघाली आणि तिच्या प्रमुखपदी राष्ट्राध्यक्षांची मुलगी इमी मार्कोस होत्या. त्याच काळात मनिलाच्या समुद्रकिनाऱ्यावर आंतरराष्ट्रीय महोत्सवासाठी भव्य चित्रपट केंद्र उभं राहत होतं. जानेवारी १९८२चा मुहूर्त गाठायचा म्हणून रात्रंदिवस काम चालू होतं. १७ नोव्हेंबर १९८१च्या पहाटे परांची कोसळली आणि मजूर ओल्या काँक्रीटमध्ये पडले. किती मेले, त्याचा आकडा आजही वादात आहे. महोत्सव ठरल्या महिन्यात झाला.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की ‘हिमाला’ला फक्त ‘अंधश्रद्धेवरचा चित्रपट’ म्हणता येत नाही. आपल्याकडे तो मोह होईल, कारण अंधश्रद्धा निर्मूलनाची आपली परंपरा मोठी आहे आणि चर्चा लगेच त्या रुळावर जाते. जाऊ द्या, पण तिथेच थांबू देऊ नका. पटकथाकार रिकी ली यांनी लष्करी कायद्याखाली कैद भोगली होती. चमत्काराच्या आशेवर रांगेत उभ्या राहिलेल्या गर्दीबद्दल ते लिहीत होते तेव्हा त्यांच्यासमोर फक्त चर्च नव्हतं.

‘बायान को: कापित सा पातालिम’ (१९८४) मिळाला तर सोडू नका. ‘बायान को’ म्हणजे ‘माझा देश’, आणि हे लष्करी कायद्यात बंदी असलेल्या गाण्याचंही नाव आहे. दुसरा भाग एका म्हणीतून आला आहे. आपला बुडता काडीला धरतो, त्यांच्याकडचा अडलेला माणूस पात्याला धरतो. काडी निदान हात कापत नाही. छापखान्यातला कामगार बायकोच्या बाळंतपणासाठी उचल घेतो, त्या बदल्यात युनियनमध्ये जाणार नाही असं लिहून देतो आणि संपाच्या वेळी दोन्हीकडून अडकतो. बिल भरेपर्यंत दवाखाना बायको-मुलाला सोडत नाही. वर्तमानपत्रांतल्या खऱ्या बातम्यांवरून होसे लाकाबा यांनी ही पटकथा लिहिली. लाकाबाही लष्करी कायद्यात तुरुंगात छळ सोसून आलेले. चित्रपट १९८४ साली कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता. मायदेशी सेन्सॉर मंडळाने ‘फक्त प्रौढांसाठी’ असं वर्गीकरण करून वर कापाकापीही मागितली, तेव्हा निर्माते सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै १९८५च्या निकालात न्यायालयाने मान्य केलं की मंडळाचं काम वर्गीकरणापुरतं असावं आणि इथे अधिकाराचा गैरवापर झाला. पण तो ‘गंभीर’ गैरवापर ठरवायला पुरेशी मतं पडली नाहीत, म्हणून याचिका फेटाळली गेली. चर्चेसाठी वकिलीचे विद्यार्थी बोलावलेत तर हा निकाल त्यांच्या हाती द्या.

मार्कोस गेल्यावर ब्रोका नव्या राज्यघटनेच्या आयोगावर सदस्य होते. भाषण आणि मुद्रण स्वातंत्र्याच्या कलमात ‘अभिव्यक्ती’ हा शब्द त्यांच्या आग्रहाने आला. पुढे मतभेद होऊन त्यांनी आयोग सोडला. १९८९ साली मार्कोस यांच्यानंतरच्या राष्ट्राध्यक्ष कोराझोन अक्विनो यांच्या लोकशाहीतल्या सशस्त्र टोळ्यांवर त्यांनी ‘ओराप्रोनोबिस’ केला, तर त्याला देशातल्या चित्रगृहांची वाट मिळाली नाही. १९९१मध्ये मोटार अपघातात ते गेले. वय होतं ५२.

इतिहासपटांकडे येऊ. इथे आम्ही आग्रहाने सांगू: एकटा वीरपट दाखवू नका, जोडी लावा. जेरोल्ड तारोग यांचा ‘हेनेराल लूना’ (२०१५) देखणा आणि वेगवान आहे. सुरुवातीला काही दिवसांतच त्याचे पडदे काढले गेले होते. प्रेक्षकांनी एकमेकांना सांगून, विद्यार्थ्यांनी मागणी करून ते परत मिळवले. अमेरिकनांशी लढणारा सेनापती आंतोनियो लूना ५ जून १८९९ला काबानातुआन इथे आपल्याच माणसांच्या हातून मारला जातो, ही कथा. चित्रपट सुरुवातीलाच सांगतो की सत्य आणि कल्पित यांची इथे सरमिसळ आहे, त्यामुळे ती पाटी येण्याआधी दिवे विझलेले असू द्या. तेव्हा काही तरुण प्रेक्षकांनी विचारलं होतं की आपोलिनारियो माबिनी सगळ्या चित्रपटभर बसूनच का आहेत. माबिनींचे पाय लुळे होते, आणि ते त्या क्रांतीचे सगळ्यात तल्लख विचारवंत होते. हा प्रश्न तिथल्या इतिहासशिक्षणाची चर्चा पेटवून गेला. आपल्या प्रेक्षकाला हे नाव ठाऊक असण्याचं कारणच नाही, म्हणून प्रवेशद्वारावर अर्ध्या पानाचा कागद ठेवा: लूना, आगिनाल्दो, माबिनी कोण; १८९६ला स्पेनविरुद्ध उठाव, १८९८ला स्वातंत्र्याची घोषणा आणि स्पेनने २ कोटी डॉलरला केलेला बेटांचा सौदा, १८९९ला अमेरिकेशी युद्ध. एवढं हातात असलं की पहिली वीस मिनिटं नावं ओळखण्यात जात नाहीत.

जोडीला काय? आमचं उत्तर ‘बायानिंग थर्ड वर्ल्ड’. १९९८च्या क्रांतिशताब्दीच्या वेळी मारिलू दियास-आबाया यांचा १७८ मिनिटांचा ‘होसे रिसाल’ आला. रिसाल म्हणजे स्पॅनिश राजवटीने मारलेले कादंबरीकार आणि फिलिपिन्सचे राष्ट्रनायक. त्यानंतर थोड्याच काळात माइक दे लिऑन यांनी कृष्णधवल, जेमतेम दीड तासाचा हा चित्रपट केला. त्यात दोन चित्रपटकार रिसालवर चित्रपट करायला निघतात आणि त्यांना तो करताच येत नाही. ३० डिसेंबर १८९६ला गोळ्या घालण्याआधी रिसाल यांनी आपलं लेखन मागे घेतलं का? तसा कागद १९३५ साली चर्चच्या दप्तरात सापडल्याचं सांगितलं जातं. तो खरा की बनावट, यावर चित्रपट रिसालच्या आईला, बहिणींना, प्रेयसीला, शेवटी खुद्द रिसाललाच प्रश्न विचारतो. रिसाल झालेले होएल तोरे आदल्या भव्य चित्रपटात रिसालच्याच कादंबरीचा नायक झाले होते, हे सांगितलंत तर प्रेक्षक आणखी सावध बसेल. वीरपुरुषांवरच्या चित्रपटांची आणि त्यावरून होणाऱ्या वादांची मराठी प्रेक्षकाला चांगली सवय आहे. पुरावा नेमका कुठे संपतो, हे पडद्यावर मोजून दाखवणारा चित्रपट त्याने बघायलाच हवा.

रोमेरोंचा ‘गानितो कामी नोऑन’ही याच प्रश्नाचा, पण हसतखेळत विचारलेला. शतकाच्या वळणावरचा भोळा कुलास प्रवासात शोधतो की ‘फिलिपिनो’ म्हणजे नक्की कोण. कारण आधी तो शब्द तिथे जन्मलेल्या स्पॅनिश लोकांसाठी होता आणि स्थानिकांना ‘इंदियो’ म्हणत. मराठी उपशीर्षक करताना ‘इंदियो’चं ‘भारतीय’ केलंत तर चित्रपटच कोसळेल. तो शब्द तसाच ठेवा.

उपशीर्षकांचा विषय निघालाच आहे तर: मराठी करून घ्या. फिलिपिनो चित्रपटासाठी मराठी ही इंग्रजीहून जवळची भाषा आहे. ‘कुया’ म्हणजे दादा, ‘आते’ म्हणजे ताई. इंग्रजीत यांच्या जागी नुसतं नाव येतं आणि नातं गळून पडतं. वाक्याला ‘पो’ जोडला की आदर येतो, तिथे ‘तुम्ही’ करा, आणि ‘पो’ गळाला तिथे ‘तू’. नोकर मालकाशी बोलताना ज्या क्षणी ‘पो’ सोडतो, तो बहुधा प्रसंगाचा कळस असतो. ‘आलिंग’ आणि ‘मांग’ ही वयस्क बाई-पुरुषांच्या नावाआधी लागणारी संबोधनं. काकू, काका चालतील. कामगार चळवळीत नावाआधी ‘का’ लागतो, त्याला कॉम्रेड म्हणा. ‘उतांग ना लोओब’ला उपकाराचं ओझं म्हणता येईल. पात्रं स्पॅनिश किंवा इंग्रजी कधी बोलतात तेही दिसलं पाहिजे. त्यासाठी तिरपा टाइप वापरा, कारण मनिलात इंग्रजी बोलणं म्हणजे वर्ग सांगणं.

एका वेळी दोन ओळी, प्रत्येकी साधारण ३५ अक्षरं, किमान दीड सेकंद आणि जास्तीत जास्त सहा. फाइल ‘यूटीएफ-८’मध्ये जतन करा. काही प्लेअर जोडाक्षरं फोडतात. ‘स्वातंत्र्य’ आणि ‘कर्तृत्व’ हे दोन शब्द पडद्यावर नीट दिसले तर बाकीचे दिसतील. नाही दिसले तर उपशीर्षकं चित्रावरच छापून घ्या. फ्रेमदर जुळवा. उपशीर्षकं २५च्या गतीची आणि चित्र २४चं असेल तर तासाभरात अडीच मिनिटांच्या आसपास फरक पडतो, तो लगेच लक्षात येतो. फसवा आहे तो २४ आणि २३.९७६मधला फरक. तासाला साडेतीन सेकंदच, म्हणून चाचणीत सापडत नाही. ३३८ मिनिटांच्या चित्रपटात मात्र शेवटी २० सेकंदांवर जातो. चाचणी नेहमी शेवटच्या रिळावर घ्या.

३३८ मिनिटांचा म्हणजे लाव दियास यांचा ‘मुला सा कुंग आनो आंग नोऑन’ (२०१४), लोकार्नो महोत्सवाचा ‘सुवर्ण बिबट्या’ पुरस्कार मिळवलेला. काळ १९७० ते १९७२, दूरचं खेडं. गुरं कापलेली सापडतात, घरं जळतात, जंगलातून रडण्याचे आवाज येतात, मग सैनिक येतात, आणि मग रेडिओवर ती घोषणा. हुकूमशाही एका रात्रीत येत नाही, तिच्याआधी भीती येते, आणि ती भीती मुरायला लागणारा वेळच दियास प्रेक्षकाला देतात. लांबीबद्दल क्षमा मागत प्रास्ताविक करू नका. सकाळी साडेदहाला सुरू करा, पाऊण तासाची जेवणाची आणि पाव तासाची चहाची सुट्टी घ्या. पाच वाजून आठ मिनिटांनी संपेल. सुट्टीची जागा आधी पूर्ण चित्रपट बघून ठरवा, घड्याळ बघून शॉटच्या मध्ये तोडू नका. पार्श्वसंगीत नाही, पाऊस, कीटक, पावलं यांवरच सगळं आहे. म्हणून घरघरणारा पंखा आणि सभागृहातलाच प्रोजेक्टर इथे शत्रू ठरतात. प्रोजेक्टर काचेमागे नेता येत नसेल तर निदान मागच्या रांगेच्याही मागे न्या. पडदे पूर्ण लागतात का, ते दुपारी दोनच्या उन्हात तपासा.

यंत्राबद्दल आणखी थोडं. डीसीपीची, म्हणजे चित्रगृहासाठीच्या डिजिटल प्रतीची, हार्ड डिस्क बहुतेकदा लिनक्सच्या पद्धतीने बांधलेली असते. साध्या विंडोज संगणकाला ती जोडली की तो ‘फॉरमॅट करायची का?’ असं विचारतो. ‘हो’ दाबलंत की चित्रपट गेला. दोन तासांची डीसीपी १०० ते २०० जीबी भरते, ती सर्व्हरवर चढायला कित्येक तास लागू शकतात. आदल्या दिवशी चढवा. कुलूपबंद असेल तर ती उघडणाऱ्या डिजिटल किल्लीची मुदत खेळाच्या ४८ तास आधीपासून मागा आणि वेळ भारतीय की जागतिक, ते लेखी विचारा; साडेपाच तासांच्या घोळात सकाळचा खेळ अडकतो. जुन्या चित्रपटांचा ध्वनी मोनो आहे, तो मधल्याच स्पीकरवर ठेवा. चित्राची चौकट हक्कधारकाकडून लिहून घ्या आणि पडदा भरावा म्हणून ताणू नका. विकत घेतलेल्या ब्लू-रेसोबत सार्वजनिक खेळाचा हक्क येत नाही. प्रमाणपत्र नसलेल्या परदेशी चित्रपटाला सूट लागते, त्यासाठी सारांश आणि लांबी जोडून वेळेत अर्ज करा.

आता एका अवघड निवडीबद्दल. मे २०२२मध्ये धाकटे मार्कोस, म्हणजे हुकूमशहांचे चिरंजीव, राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आणि ऑगस्टमध्ये ‘मेड इन मालाकान्यांग’ प्रदर्शित झाला. १९८६च्या शेवटच्या तीन दिवसांची मार्कोस कुटुंबाच्या नजरेतून सांगितलेली ही कहाणी. कोराझोन अक्विनो जोगिणींसोबत माजाँग खेळत बसल्याचं त्यात दाखवलं. ज्या सेबूच्या कार्मेलाइट मठात त्या आश्रयाला होत्या, तिथल्या प्रमुखांनी सांगितलं की तेव्हा मठात प्रार्थना आणि उपास चालू होते. या चित्रपटाच्या निर्मितीत इमी मार्कोस होत्या, म्हणजे ‘हिमाला’ला पैसे देणाऱ्या संस्थेच्या त्या वेळच्या प्रमुख. ‘दोन्ही बाजू’ म्हणून त्याला खेळ देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. इतिहास कसा पुसला जातो हे दाखवायचं असेल तर त्यातला तो एक प्रसंग आणि मठाचं निवेदन शेजारी ठेवून चर्चा घ्या.

ब्रियांते मेंदोसांच्या बाबतीत मात्र आम्ही तसं म्हणणार नाही. ‘मा रोसा’ (२०१६) दाखवा. पोलीस ठाण्यात सोडवणुकीची रक्कम जमवण्यासाठी मुलं वणवण फिरतात ते चित्रण अचूक आहे आणि जॅक्लिन होसे यांना कानचा सर्वोत्तम अभिनेत्रीचा मान त्याच भूमिकेने दिला. सोबत हेही सांगा की त्याच वर्षी मेंदोसांनी राष्ट्राध्यक्ष दुतेर्तेंच्या राष्ट्राला उद्देशून केलेल्या भाषणाच्या प्रक्षेपणाचं दिग्दर्शन केलं. दुतेर्तेंच्या अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत सरकारच्याच आकड्यांनुसार ६,०००हून अधिक माणसं पोलीस कारवायांत मारली गेली. अलिक्स आयन अरुम्पाक यांचा ‘आस्वांग’ (२०१९) हा माहितीपट त्या रात्रींमध्ये, अंत्यसंस्कारांच्या दुकानांत आणि एका लहान मुलाच्या सोबतीने फिरतो. दोन्ही एकाच दिवशी ठेवा, आधी ‘मा रोसा’, मग ‘आस्वांग’. दुतेर्ते मार्च २०२५पासून हेगमध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या ताब्यात आहेत.

सेन्सॉरची गोष्ट १९८६ला संपली असं कुणी प्रास्ताविकात म्हणू नये. मंडळाचा कायदा आजही मार्कोस यांनी ऑक्टोबर १९८५मध्ये काढलेला अध्यादेशच आहे. २०२४मध्ये जे. एल. बुर्गोस यांच्या ‘आलिपातो आत मुओग’ या माहितीपटाला आधी सार्वजनिक खेळास अयोग्य ठरवलं, मग फेरतपासणीत १६ वर्षांवरच्या प्रेक्षकांसाठी सोडलं. २००७ साली मॉलमधून पळवून नेलेल्या आणि अजून न सापडलेल्या आपल्या भावाबद्दलचा तो चित्रपट आहे.

सुरुवात ‘मायनिला’ने करा. मराठी उपशीर्षकं करून घेतलीत तर संवादांशी ताडून बघायला आम्ही बसू, त्याचा खर्च मागणार नाही. आणि ऑपरेटरला आदल्या दिवशीच सांगून ठेवा: श्रेयनामावलीच्या वेळी चित्र कृष्णधवल असेल, बंद दुकानं आणि रिकामे रस्ते दिसतील. तेव्हा केबल हलवायची नाही, सेटिंग उघडायचं नाही. हुलियो रस्त्यावर येतो, तेव्हा रंग आपोआप येतात.

आपले स्नेहांकित,
आशियाई सिनेमाचे काही अभ्यासक, उपशीर्षककार आणि प्रक्षेपण-तंत्रज्ञ